थर कशाने उभा राहतो?

गुरुपौर्णिमा उलटली की सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, गोळीबार, कलिना या भागांत रात्री नऊ-साडेनऊनंतर पोरं जमू लागतात. दिवसभर कुणी पार्सलं पोहोचवलेली असतात, कुणी विमानतळावर पाळी केलेली असते, कुणाची कॉलेजची परीक्षा तोंडावर आलेली असते. मोबाइल, घड्याळं, चपला कोपऱ्यात ठेवून दहीहंडीचा सराव सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंत चालू राहतो. पाच थरांपर्यंत बहुतेक पथकं सारखीच दिसतात. फरक पडतो सहाव्या-सातव्या थराशी. जिममध्ये दंड कमावलेल्या मुलांचं एखादं पथक सहाव्यालाच लटपटतं आणि शेजारच्या वस्तीतलं, अंगापिंडाने बेताचंच पथक आठ थर लावून सलामी देऊन जातं. बघणारे एकच कारण सांगतात, "त्यांच्यात एकी आहे."

कारण बरोबरच आहे. पण एकी ही न दिसणारी गोष्ट खांद्यांत, गुडघ्यांत, श्वासात उतरते कशी? ती तोल सावरते का? हरलेल्या माणसाचं मन ती कशी धरून ठेवते? मानसशास्त्रज्ञ गेली पाऊणशे वर्षं या प्रश्नांमागे आहेत. त्यांना मिळालेली काही उत्तरं अपेक्षेप्रमाणे निघाली, काही मात्र आपल्या समजुतीला धक्का देणारी आहेत.

दहीहंडीपासून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. सांताक्रूझहून लोकलने तीन स्थानकं पुढे असलेल्या जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावले. उंची ४३ फुटांहून जास्त भरली आणि गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावून दाखवले. सांघिक एकजूट डोळ्यांनी उभी राहताना आणि कोसळताना पाहायची असेल, तर याहून स्वच्छ जागा मला माहीत नाही.

आठ गडी, चौघांचं बळ

१८८० च्या दशकात मॅक्सिमिलियन रिंगलमन नावाचे फ्रेंच शेतकी अभियंते एक साधी गोष्ट मोजत होते. ओझं ओढताना माणूस किती जोर लावतो? त्यांनी पुरुषांना दोरी ओढायला लावली आणि बळ मोजणारं उपकरण जोडलं. एकटा माणूस ओढतो ते बळ १०० धरलं, तर दोघांच्या जोडीत प्रत्येकाचा वाटा ९३ वर आला, तिघांत ८५ वर. आठ जण एकाच दोरीला लागले, तेव्हा प्रत्येकाचा वाटा उरला ४९. आठ गड्यांनी मिळून काम केलं जेमतेम चौघांचं. हे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

मग उरलेल्या चौघांचं बळ गेलं कुठे? पहिला संशय मेळावर जातो. सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच दिशेने ओढलं नाही तर जोर वाया जाणारच. पण १९७४ मध्ये अॅलन इंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हुशार प्रयोग केला. डोळे बांधलेल्या माणसाला दोरीच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि तुझ्यामागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. प्रत्यक्षात मागचे कुणीच ओढत नव्हते. मेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही त्याचा जोर घटला. आपण एकटे नाही, एवढ्या समजुतीनेच हात सैल पडले होते. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि ओरडणं यांवर असेच प्रयोग केले. तिथेही गट मोठा झाला की माणसागणिक आवाज कमी होत गेला. मराठीत याला अंग चोरणं म्हणतात. विशेष म्हणजे बहुतेकांना आपण अंग चोरतो आहोत हे जाणवतही नाही.

म्हणजे गळती दोन ठिकाणी आहे, मेळ जुळण्यात आणि मन लागण्यात. दहीहंडीच्या थरात दोन्ही दिसतात. वरच्या थरांतले गोविंदा आधी खालच्यांच्या खांद्यांवर बसतात आणि मग प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर खालून वर एकेक थर उभा राहतो. चौथा थर उठताना तिसऱ्याने क्षणभर श्वास रोखून स्थिर राहावं लागतं. हा क्षण डोळ्यांनी पाहून साधता येत नाही, कारण माना खाली असतात. पाठीवरच्या दाबातून, खांद्यावरच्या पावलाच्या कंपनातून तो ओळखावा लागतो. एकाच खांद्यावर तीच पावलं महिनाभर पडली की हे ओळखणं अंगवळणी पडतं. हे झालं मेळाची गळती बुजवणं.

दुसरी गळती तळाशी असते. पायाच्या भोवती रिंगण करून शेकडो हात आत रेटत असतात. वरून पडणाऱ्यांना झेलणारेही तेच. मधल्या थरात कुणी ढिला पडला तर लगेच कळतं. रिंगणातल्या सत्तराव्या माणसाने हात नुसते टेकवले आणि जोर लावलाच नाही, तर कुणालाच कळत नाही. कमकुवत पथकांचा थर मला वाटतं बऱ्याचदा इथेच ढासळतो. लोकांच्या नजरा मात्र सर्वांत वर चढणाऱ्या एक्क्यावर असतात.

यावरचा उपाय संशोधनातही सापडतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जलतरणपटूंना एकेकटं आणि रिलेत पोहायला लावलं. प्रत्येकाची वेळ जाहीर होणार नसेल तेव्हा रिलेत ते मंद पोहले. वेळ जाहीर होणार म्हटल्यावर तेच पोहणारे रिलेत वेगवान झाले. १९९७ मध्ये स्टीव्हन कराऊ आणि किपलिंग विल्यम्स यांना दिसलं की जिथे माणसं एकमेकांशी बांधलेली होती, तिथे अंग चोरणं जवळपास नाहीसंच झालं. घड्याळ लावून जे साधतं, ते जिव्हाळाही साधतो. शेजारच्याचं आपल्याविषयीचं मत महत्त्वाचं वाटत असेल तर वेगळा पहारेकरी लागत नाही.

लग्नघरातली चुलती आणि रोममधली नाव

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग मुलांची आधी मैत्री करून द्यावी, सहलीला न्यावं, एकत्र जेवू घालावं, की संघ आपोआप जिंकू लागेल. गोष्ट इतकी सरळ नाही.

आपल्याकडच्या लग्नघराचं स्वयंपाकघर आठवून पाहा. मोठी चुलती आणि धाकटी आत्या यांचं जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. तरी लग्नाच्या दिवशी एकीने भात उतरवला की दुसरी न सांगता वरणाचं पातेलं पुढे सरकवते आणि पाचशे पानं वेळेवर उठतात. माया आटलेली असते, पण कार्य दोघींचं असतं. याउलट जिवलग मैत्रिणींचा घोळका गप्पांत रमला की तेच वरण करपू शकतं.

कॅनडातले क्रीडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कॅरन यांनी १९८० च्या दशकात एकजुटीचे असेच दोन धागे वेगळे करून दाखवले. एक कामाची एकजूट: आपल्याला काय साधायचं आहे, कोणी काय करायचं आहे यावर सगळ्यांचं मन एक असणं. दुसरी जिव्हाळ्याची एकजूट: माणसं एकमेकांना आवडणं, मैदानाबाहेरही सोबत असावीशी वाटणं. शिवाय प्रत्येक धाग्याला दोन बाजू आहेत. 'मला या संघात काय मिळतं' ही एक आणि 'आमचा संघ किती एकसंध आहे' ही दुसरी. या चार कोनांतून संघ मोजणारी अठरा विधानांची प्रश्नावली त्यांनी लॉरेन्स ब्रॉली आणि नील विडमेयर यांच्यासोबत १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. जगभरच्या संघांत ती वापरली गेली.

दोन धागे खरोखर वेगळे असतात याचा गाजलेला दाखला १९६० च्या रोम ऑलिंपिकमधला. आठ वल्हेकऱ्यांच्या नौकानयनात अमेरिकेने १९२० पासून एकही सुवर्णपदक सोडलं नव्हतं. ती मालिका जर्मनीच्या नावेने तोडली. कार्ल अॅडम यांच्या तालमीत तयार झालेल्या त्या नावेतला एक वल्हेकरी हान्स लेंक पुढे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्याने लिहून ठेवलं आहे की नावेत गट पडले होते, तीव्र वाद होते. तरी वल्ही एका तालात पाण्यात पडत होती. माणसं एकमेकांवर नाराज होती, पण नावेच्या वेगाबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं.

लेंकचं उदाहरण वाचून भांडणं चांगली असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्या नावेत जागा ठरलेल्या होत्या, दिशा एकच होती, शर्यत काही मिनिटांची होती. महिना-सव्वा महिना रोज रात्री घामेजलेल्या अंगांनी एकमेकांच्या खांद्यावर चढायचं असेल तर जिव्हाळ्याशिवाय सरावाला येणंच थांबतं.

| आपल्या संघाकडे पाहताना |
|---|
| सराव संपल्यावर मुलं लगेच पांगतात की रेंगाळतात? यातून जिव्हाळा कळतो. |
| 'आज आपल्याला काय सुधारायचं होतं?' असं पाच जणांना वेगवेगळं विचारलं तर उत्तर एकच येतं का? यातून कामाची एकजूट कळते. |
| हरल्यावर पहिलं वाक्य कशाने सुरू होतं, 'आपण' की 'त्याने'? |
| राखीव खेळाडूला आपलं काम एका वाक्यात सांगता येतं का? |

आधी एकजूट, की आधी विजय?

जिंकणारे संघ एकजूट दिसतात हे कुणीही सांगेल. पण ते एकजूट आहेत म्हणून जिंकतात, की जिंकतात म्हणून एकमेकांवर खूश असतात? ब्रायन मलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी १९९४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. दोन्ही दिशांनी परिणाम होतो असं दिसलं, पण यशाकडून एकजुटीकडे जाणारा ओघ अधिक जोरकस होता. ही गोष्ट प्रशिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावी. लागोपाठ हरणाऱ्या संघाला 'एकी ठेवा' म्हणून व्याख्यान देण्यापेक्षा सरावात मिळवता येईल असं एखादं छोटं यश समोर ठेवणं जास्त उपयोगी पडतं. पथकांत पहिल्या आठवड्यात चारच थर लावतात, तेही पुन्हा पुन्हा, यामागे हेच शहाणपण असावं.

कॅरन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फक्त खेळांवरचे ४६ अभ्यास एकत्र तपासले. एकजूट आणि कामगिरी यांचं नातं ठळक निघालं, कामाच्या आणि जिव्हाळ्याच्या दोन्ही धाग्यांचं. महिला संघांत ते पुरुष संघांपेक्षाही घट्ट होतं. आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. बास्केटबॉलसारख्या हातात हात घालून खेळायच्या खेळात एकजूट लागते हे समजण्याजोगं आहे, पण जिथे प्रत्येक जण आपापला खेळतो आणि गुण फक्त शेवटी एकत्र मोजले जातात, तिथेही ती कामाला येते. थोडक्यात, एकजूट फक्त पासची अचूकता वाढवत नाही, पहाटे साडेपाचला उठून सरावाला येण्याचं कारणही पुरवते.

आपल्या कबड्डीने तर हे नियमातच बांधून ठेवलं आहे. चढाईत बाद झालेला खेळाडू स्वतःच्या कर्तृत्वावर परत येऊ शकत नाही. सोबत्यांनी प्रतिस्पर्ध्याला बाद केलं की मगच तो आत येतो. रेषेबाहेर बसलेल्याचा जीव आतल्याच्या दमात असतो. शाळेच्या मैदानावर हा खेळ खेळवणाऱ्या शिक्षकांनी मुलांना याची जाणीव करून दिली, तर एकजुटीवर वेगळा पाठ घ्यायची गरज उरणार नाही.

मनःस्थिती एकाकडून दुसऱ्याकडे

आता मनाकडे वळू. ड्रेसिंग रूममध्ये एक जण तोंड पाडून बसला की हवा जड होते, हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर टॉटरडेल यांनी ते मोजलं, आणि तेही क्रिकेटमध्ये. दोन व्यावसायिक संघांच्या खेळाडूंना त्यांनी खिशात मावणारे छोटे संगणक दिले. चार दिवसांच्या सामन्यात दिवसातून अनेकदा प्रत्येकाने आपली मनःस्थिती त्यात नोंदवायची होती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: एका खेळाडूचा मूड बाकीच्यांच्या सरासरी मूडबरोबर वर-खाली होत होता. सामन्याची स्थिती सगळ्यांना सारखीच सुखावत किंवा खुपत असेल, ही शक्यता बाजूला काढल्यावरही हे नातं टिकलं. संघाशी ज्यांची बांधिलकी जास्त, त्यांच्यात ते अधिक घट्ट होतं. मूड चांगला असताना खेळाडूंना आपली कामगिरीही बरी वाटत होती. त्याच वर्षी रग्बी, नौकानयन आणि नेटबॉल खेळणाऱ्यांवरचा पीटर टेरी, कॅरन आणि इतरांचा अभ्यास आला. ज्यांना आपला संघ एकजूट वाटत होता त्यांच्यात उत्साह जास्त आणि ताण, उदासी, राग कमी आढळले.

हे घडतं कसं? एक वाट शरीराची आहे. समोरच्याचा चेहरा, आवाजाची पट्टी, खांद्यांची ठेवण आपण नकळत उचलतो आणि शरीराने घेतलेली ती ठेवण मनात उतरते. एका तालात केलेले श्रम तर त्याहून खोल जातात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा वल्हेकऱ्यांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात दिसलं की तेवढाच व्यायाम एकट्याने करण्यापेक्षा सगळ्यांनी एका लयीत केला तर वेदना सोसण्याची ताकद जवळपास दुपटीने वाढते. शरीर स्वतःच तयार करतं ती वेदनाशामक द्रव्यं अशा वेळी जास्त पाझरत असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. ढोल-ताशाच्या ठेक्यावर थर उठताना खालच्या खांद्यांना कळ कशी सोसवते, याचं थोडं उत्तर यात असू शकेल.

दुसरी वाट अर्थ लावण्याची आहे. पराभव एकच असतो, पण त्याची गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. तुटलेल्या संघात प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःचा बचाव तयार करत असतो, आणि बचावात गुंतलेलं मन पुढच्या चेंडूवर नसतं. एकजूट संघात माणसं हरल्याची जबाबदारी वाटून घेतात, असं संशोधकांना दिसलं आहे. ओझं तेवढंच असतं, पण ते एका मानेवर पडत नाही.

२०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकात हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं. भारताने ऑक्टोबरमध्ये ओळीने तीन सामने गमावले. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया विशाखापट्टणमला जिंकले, इंग्लंड इंदूरला अवघ्या चार धावांनी. मुंबईच्या उपनगरांत वाढलेली जेमिमा रॉड्रिग्ज स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि इंग्लंडविरुद्ध तिला वगळलं गेलं. मग ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा काढल्या. भारताने ३३९ चं लक्ष्य गाठलं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला.

त्या रात्री पत्रकारांसमोर जेमिमा तंत्राबद्दल कमी आणि मनाबद्दल जास्त बोलली. स्पर्धेच्या सुरुवातीला आपण चिंतेने ग्रासलो होतो, आईला फोन करून रडत होतो, हे तिने उघडपणे सांगितलं. अरुंधती रेड्डीजवळ जवळपास रोज रडायला मिळालं. सांगलीची स्मृती मानधना नेट्समध्ये नुसती जवळ उभी राहायची, कारण तिचं असणं पुरेसं होतं. कांदिवलीत वाढलेली राधा यादव काळजी घ्यायची. डावाच्या शेवटी अंगात त्राण उरलं नव्हतं तेव्हा दीप्ती शर्मा चेंडूगणिक तिच्याशी बोलत राहिली. यशाच्या शिखरावर उभं राहून एखाद्या खेळाडूने आपल्या दुर्बळ क्षणांचा हिशेब इतका खुलेपणाने द्यावा, याला मी त्या शतकाइतकंच मोठं मानते.

संशोधनाच्या नजरेतून पाहिलं तर यात तीन गोष्टी आहेत. एक, मन ढासळल्याचं लपवावं लागलं नाही, त्यामुळे लपवण्यात जाणारी शक्ती वाचली. दोन, प्रत्येकीने वेगळ्या पद्धतीने आधार दिला. कुणी ऐकलं, कुणी नुसती उभी राहिली, कुणी सतत बोलली. तीन, हा आधार वगळल्या गेलेल्या खेळाडूला मिळत होता. संघातून बाहेर काढलं म्हणजे आपुलकीतूनही बाहेर, असं तिला वाटू दिलं गेलं नाही. जिव्हाळ्याची एकजूट कामगिरीच्या उपयोगाला येते ती अशी, पडत्या काळात.

बाकावर बसलेल्यांचं काम

यात एक नाव पुन्हा पाहण्यासारखं आहे. अरुंधती रेड्डीला त्या स्पर्धेत एकही सामना खेळायला मिळाला नाही. धावफलकावर तिचं नाव नाही, पण जेमिमाच्या कहाणीत ते पहिल्या काही नावांत आहे. संघाची एकजूट खरी परीक्षेला बसते ती राखीव खेळाडूंच्या बाकावर. आपलं काम काय हे ज्याला स्पष्ट माहीत आहे आणि ज्याने ते मनापासून स्वीकारलं आहे, तो न खेळताही संघ बांधून ठेवतो. ज्याला ते माहीत नाही त्याची कुजबुज संघ पोखरते.

त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, ज्यांना ही जागा आतून ठाऊक होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा शारदाश्रम शाळेचा पुढचा फलंदाज पॅड बांधून वाट बघत बसला होता. तो मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा काढूनही भारताच्या पुरुष संघात त्यांना कधी जागा मिळाली नाही.

मुंबई क्रिकेटला अशा माणसांची मोठी परंपरा आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. पंधराव्या वर्षीच्या अंतिम सामन्यात चेन्नईला डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीत ५८९ बळी आहेत, कसोटी मात्र एकही नाही, कारण तो काळ बिशनसिंग बेदींचा होता. मुंबईच्या त्या खडूस संघांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तिथे मोठ्यात मोठ्या खेळाडूलाही क्लब सामन्याचं मोल होतं, आणि भारताची टोपी न मिळालेल्यालाही मुंबईची टोपी पुरेशी मोठी वाटत होती. कामाची एकजूट म्हणजे काय, हे त्या संघांकडे पाहून कुणालाही समजावं.

एकजूट घातक कधी होते?

एकजुटीची ताकद ज्या दिशेला लावाल त्या दिशेला काम करते. १९५४ मध्ये स्टॅन्ली सीशोर यांनी कारखान्यातल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की घट्ट गटांत सगळ्यांचं काम साधारण एकाच पातळीवर असतं. ती पातळी उंच असेल की खालची, हे गटाच्या अलिखित नियमावर ठरतं. सगळे मिळून सरावाला उशिरा येणारा संघही एकजूटच असतो. २००५ मध्ये जेम्स हार्डी, मार्क आयस आणि कॅरन यांनी खेळाडूंनाच एकजुटीचे तोटे विचारले. उत्तरांत आलं की जिव्हाळा फार झाला तर चुका दाखवणं अवघड होतं, आणि कामाची एकजूट फार झाली तर प्रत्येकावर ताण वाढतो.

दहीहंडीत याची किंमत हाडामांसात मोजावी लागते. दरवर्षी मुंबई आणि ठाण्यात गोविंदा जखमी होतात, कधी कधी कुणी जीवही गमावतो. उंची आणि वयावरून न्यायालयात वर्षानुवर्षं लढाई झाली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात चढवण्यावर बंदी राहिली. कायदा वयापुढे जाऊ शकत नाही. नवव्या थराच्या आधी तिसऱ्या थरातल्या मुलाचा खांदा दुखत असेल आणि शंभर सोबत्यांचा उत्साह कानात घुमत असेल, तर 'मला जमणार नाही' हे तीन शब्द तोंडातून निघणं अतिशय कठीण असतं. जितकी एकी जास्त, तितकी ही भीतीही जास्त, कारण आपल्यामुळे सगळ्यांचं हुकेल ही कल्पना सहन होत नाही.

म्हणून पथकात 'उतरा' म्हणण्याचा अधिकार प्रत्येक थराला असला पाहिजे आणि तो सरावात वापरून पाहिलेला असला पाहिजे. महिन्यात दोन-चार वेळा मुद्दाम अर्ध्यातून थर उतरवावा, ज्याने थांबवलं त्याला कुणी काही बोलू नये, आणि मग पुन्हा चढावं. थांबणं हाही संघाच्या कामाचाच भाग आहे हे अंगात मुरायला दुसरा मार्ग नाही.

स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच माणसांचे मनोरे उभारण्याची जुनी परंपरा आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या वारशात स्थान दिलं. तिथल्या नोंदींमध्ये मनोऱ्याला दोन वेगळे दर्जे असतात. सर्वांत वरचं मूल टोकाला पोहोचलं पण उतरताना मनोरा कोसळला, तर एक दर्जा. सगळे थर एकेक करून सुखरूप खाली आले, तर त्याहून वरचा. आपल्याकडेही प्रत्येक हंडीच्या मंचावर हाच नियम मोठ्या अक्षरांत लिहावा, असं मला कळकळीने वाटतं. बक्षिसाच्या रकमेचा अर्धा भाग सलामीला, उरलेला अर्धा शेवटच्या गोविंदाचे पाय जमिनीला लागल्यावर. असं केलं तर सांताक्रूझच्या गल्ल्यांतल्या पथकांच्या सरावाचं वेळापत्रक पहिल्याच वर्षी बदललेलं दिसेल, कारण चढण्याइतकाच वेळ उतरण्याच्या तालमीला द्यावा लागेल.